पुन्हा त्याच झाडापाशी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य लाभलेल्या पिढीतला मी एक. आपण मला येथे बोलावलेत, याबद्दल प्रथम ऋण व्यक्त करतो. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी 'फोन खाली ठेवून बाहेर पाहणे' असे सांगितले होते. कार्यक्रमपत्रिकेत त्याचे 'भ्रमणध्वनी आणि निसर्गसान्निध्य' झाले आहे. शीर्षक भारदस्त झाले यात शंका नाही. परंतु ज्या वस्तूला घरातील आजीदेखील फोन म्हणते, तिला मीही आज फोनच म्हणणार आहे.

अशा विषयावर बोलावयास उभ्या राहिलेल्या माझ्या वयाच्या माणसाकडून श्रोत्यांच्या दोन अपेक्षा असतात. त्याने तरुण पिढीला दोष द्यावा, आणि आमच्या वेळी सारे कसे रम्य होते ते सांगावे. दोन्ही अपेक्षा मी पुरवू शकणार नाही. आमच्या पिढीला पक्षी फार ओळखता येत होते असे नाही; आमच्यातील बहुतेकांना गलोल मात्र उत्तम मारता येत असे. आणि फोनविषयी म्हणाल, तर सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरावयास येणाऱ्यांत मान खाली घालून, अंगठा चालवीत चालणारे जे दिसतात, त्यांत माझे समवयस्क पुष्कळ असतात. डोक्यावर सुतार पक्षी खोडावर टकटक करीत असतो आणि खाली निवृत्त मंडळी परस्परांना 'सुप्रभात' असे लिहिलेले फुलांचे चित्र पाठवीत असतात.

दोष एकट्या फोनचाही नाही. इंग्लंडमधील केंब्रिज येथील अँड्र्यू बामफोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला होता. प्राथमिक शाळेतील मुलांना त्यांनी दोन प्रकारची चित्रे दाखविली: काही त्यांच्या देशातील नेहमीच्या वनस्पती-प्राण्यांची, काही 'पोकेमॉन' या खेळातील काल्पनिक प्राण्यांची. आठ वर्षांच्या मुलांनी काल्पनिक प्राण्यांपैकी सुमारे ८० टक्के अचूक ओळखले. खऱ्यांपैकी जेमतेम निम्मे. आज आपण ज्याला स्मार्टफोन म्हणतो तो तेव्हा मुलांच्या हाती नव्हता. म्हणजे खिडकी आधीच मिटत आली होती, फोनने तिला कडी लावली. शिवाय या अभ्यासातून एक गोष्ट उलट बाजूनेही निघते, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मुलांची ओळखण्याची शक्ती अफाट आहे. शंभर-दीडशे प्राण्यांची नावे, त्यांची रूपे, त्यांच्या सवयी ती सहज ध्यानात ठेवतात. आपण त्या शक्तीपुढे काय ठेवतो, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या देशात मोबाइल सेवा ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली. पहिली वीस-एकवीस वर्षे हा फोन मुख्यतः बोलण्याचे साधन होता आणि ते साधन उत्तमच होते; पुण्याला नोकरीस गेलेल्या मुलाचा आवाज खानापूरच्या आईला रोज ऐकू येणे, याला मी वाईट म्हणणार नाही. २०१६ च्या सप्टेंबरनंतर डेटा एकाएकी स्वस्त झाला आणि साधनाचे स्वरूप पालटले. नंतर मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या. ज्या वस्तूला शाळेच्या दारात बंदी होती, तीच वस्तू एका आठवड्यात शाळा होऊन बसली. ज्या मुलांना दहा वर्षे 'फोन ठेव' म्हणून सांगितले, त्यांना आपण 'फोन उघड' म्हणून सांगू लागलो. त्या दिवसांत दुसरा उपाय नव्हता. परंतु शाळा पुन्हा उघडल्यावर तो फोन परत घ्यावयाचा असतो, ही गोष्ट आपण सारेच सोयीस्करपणे विसरलो.

आता मला जे मुख्यतः सांगावयाचे आहे तेथे येतो.

फोन आपल्याला क्षणोक्षणी नवे काही दाखवितो. अंगठा हलविला की आधीचे गेले, पुढचे आले. त्याची सारी रचनाच अशी आहे की एकदा पाहिलेले पुन्हा पाहण्याची इच्छा होऊ नये. निसर्गाची रीत याच्या नेमकी उलट. तो तेच दाखवितो. तीच टेकडी, तेच झाड, तोच ओहोळ. पहिल्या भेटीत दोन मिनिटांत पाहून संपते. म्हणून फोनची सवय झालेल्या डोळ्यांना निसर्ग कंटाळवाणा वाटतो, आणि तसे म्हणणाऱ्या मुलांवर मी रागावत नाही. पहिल्या भेटीत तो असतोच कंटाळवाणा. तो बोलू लागतो विसाव्या-पंचविसाव्या भेटीला. सहलीला गेलेल्या माणसाला निसर्ग दिसतो तो चित्रासारखा; त्याच वाटेने पुन्हा पुन्हा जाणाऱ्याला तो गोष्टीसारखा कळतो, कारण काल काय होते ते त्याला ठाऊक असते.

उदाहरण आपल्याच आवारातले देतो. शाळेच्या मागच्या कुंपणाशी एक काटेसावर आहे. येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना ती आठवते, हे विचारून मी कोणास संकोचात टाकणार नाही. मागच्याच गल्लीत राहत असल्याने गेली काही वर्षे आठवड्यातून एकदा मी तिच्यापाशी जातो आणि चार ओळी लिहून ठेवतो. मार्गशीर्ष-पौषात ती पाने टाकते. पाने गेल्यावर तिच्या फांद्यांची ठेवण प्रथम नीट दिसते: खोडापासून चहूकडे आडव्या निघालेल्या, मजल्यामजल्याने रचलेल्या. मग त्या उघड्या फांद्यांवर काळसर मण्यांसारख्या कळ्या धरतात. पहिले फूल कधी डिसेंबर संपताना उमलते, कधी जानेवारी सरत आला तरी नाही. एकदा फुलली की आठवडाभरात सारी वस्ती तिच्यावर लोटते. कावळे आणि साळुंक्या यांची भांडणे सकाळपासूनच सुरू होतात. बुलबुल, पोपट, शिंजीर, हळद्या येतात. खारी पेल्यासारख्या फुलांत तोंड खुपसतात. कोतवाल या फुलांतील रसासाठी येतो की रसावर येणाऱ्या कीटकांसाठी, याचा उलगडा व्हावयास मला तीन हंगाम लागले. तो दोन्हींसाठी येतो.

मांसल, जड फूल खाली पडते तेव्हा आवाज होतो, आणि कुंपणाच्या फटीतून शेळ्या आत येतात. चैत्रानंतर बोंडे पिकून फुटतात आणि वैशाखाच्या वाऱ्यावर कापूस उडतो. त्या सुमारास नवी पालवी येते. एका देठावर पाच किंवा सात पर्णिका, तळहातासारख्या पसरलेल्या. खालच्या कोवळ्या खोडावर शंकूसारखे काटे असतात, तेच खोड जुने होता होता गुळगुळीत होत जाते. यांतले एकही दृश्य विलक्षण नाही. चित्रफितीत घातले तर दहा सेकंदांत कोणीही पुढे जाईल. परंतु कळी धरल्यापासून कापूस उडेपर्यंत जो मनुष्य त्या झाडाबरोबर राहिला, त्याला त्या उडणाऱ्या कापसात जे दिसते, ते चित्रफीत पाहणाऱ्याला दिसणे शक्य नाही.

याला आपल्याकडे 'अवधान' असा जुना शब्द आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या प्रारंभी ज्ञानदेव श्रोत्यांपाशी मागणे मागतात ते याच अवधानाचे. अलीकडे अवधान हा मानसशास्त्राचा विषय झाला आहे. मिशिगन विद्यापीठातील रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, प्रयत्नपूर्वक एकाग्र केलेले मन थकते, आणि ज्या ठिकाणी लक्ष आपोआप, हळुवारपणे गुंतते अशा ठिकाणी ते पुन्हा ताजे होते. झाडी, पाणी, ढग ही अशी ठिकाणे होत. फोनही लक्ष आपोआपच गुंतवितो, असे कोणी म्हणेल. गुंतवितो खरा, परंतु तो ते ओढून घेतो, आणि ओढाताणीनंतर विसावा मिळत नाही. तासभर फोन पाहून उठलेल्या माणसाचा चेहरा आणि तासभर नदीकाठी बसून उठलेल्या माणसाचा चेहरा शेजारी ठेवून पाहावेत; ग्रंथाची आवश्यकता भासणार नाही.

निसर्गाच्या घड्याळाला आपल्याइतकी घाई नाही, हे कारवीने जितके स्पष्ट करून सांगितले आहे तितके क्वचितच कोणी सांगितले असेल. सह्याद्रीच्या उतारांवर दाट वाढणारे हे झुडूप. कुडाच्या भिंतींना त्याच्याच काठ्या लागत. ते सात वर्षे नुसते वाढते, आठव्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस सारी टेकडी जांभळी करून सोडते, बी धरते आणि मरते. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. वेगवेगळ्या डोंगरांवरील कारवीची वर्षे वेगवेगळी असतात. हिशेब करा: पहिलीत असताना ज्या मुलाने ती पाहिली, त्याला ती पुन्हा दिसेल तो नववीत गेल्यावर. आठ वर्षे एखाद्या गोष्टीची वाट पाहता येते, ही कल्पनाच ज्याला आठ सेकंदांची सवय झाली आहे त्या मनाला चमत्कारिक वाटेल.

पालकांपैकी काहींना हे सारे काव्य वाटत असेल. त्यांच्यासाठी एक रोकडी गोष्ट सांगतो. लहान मुलांमध्ये लघुदृष्टी, म्हणजे दूरचे अंधुक दिसण्याचा दोष, जगभर वाढतो आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात बारा शाळांतील सहा-सात वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांपैकी सहा शाळांत रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर घेतला गेला. उरलेल्या सहांत नेहमीचे वेळापत्रक राहिले. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तीन वर्षांनंतर नेहमीच्या शाळांतील ३९.५ टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती, तर बाहेर तास घेतलेल्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना. तैवानने २०१० पासूनच मुलांनी दिवसाकाठी १२० मिनिटे बाहेर असावे असे धोरण स्वीकारले आहे. यातील मुख्य कारण बाहेरचा प्रखर उजेड असावा, असे तज्ज्ञ मानतात. वर्गातील दिव्यांच्या कितीतरी पट उजेड अंगणातील झाडाच्या सावलीतही असतो. या औषधाला पैसा पडत नाही, आणि बहुधा म्हणूनच त्याची जाहिरात कोणी करीत नाही.

यापुढची गोष्ट आपल्या गावापुरती आहे, आणि ती थोडी नाजूक आहे.

आपले गाव भाषेच्या बाबतीत फार जागरूक. पाटीवर कोणत्या लिपीतील अक्षरे वर असावीत आणि कोणती खाली, यावरून येथे काय काय झाले ते मी सांगावयास नको. भाषेचे प्रेम मलाही आहे. या शाळेत शिकलेल्या कोणाला नसेल? परंतु अक्षरांचे रक्षण चालले असताना शब्द मात्र गुपचूप निघून जात आहेत. ऐन, किंजळ, कुंभा, अंजनी, हिरडा, भेडस, करवंद: खानापूरच्या रानातील ही साधी नावे. यांतील किती आपल्या दहावीच्या मुलांना झाडासकट ठाऊक आहेत? शेजारच्या कन्नड शाळेत जाऊन विचाराल तर तेथेही हीच कथा आहे. ऐनाला 'मत्ती' म्हणतात, वडाला 'आलद मर', जांभळाला 'नेरळे', हे तेथील मुलांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. दोन्ही बाजूंची मुले एकाच इंग्रजी शब्दावर येऊन भेटली आहेत: 'ट्री'.

नावाचे एवढे काय, असे वाटेल. परंतु नाव हाती असल्याशिवाय डोळा थांबत नाही. 'एक पक्षी बसला आहे' इतकेच ज्याला म्हणता येते तो पुढे जातो. 'तांबट आहे, म्हणजे जवळ उंबर किंवा वड पिकला असेल' असे ज्याला म्हणता येते तो मान वर करतो. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत राहून रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची आणि झाडांची नावे आयुष्यभर गोळा केली. 'पक्षिकोश' हे त्याचे फळ. १८ जून २०२५ रोजी ते गेले. ती नावे आता कोशात सुरक्षित आहेत, पण कोशातील नाव आणि तोंडातील नाव यांत अंतर असते. पावसाचीच नावे पाहा. मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा, आश्लेषा, मघा, हत्ती. आपल्या आज्यांना पाऊस नावानिशी ठाऊक होता. पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा. दोघांचे पडणे निराळे, त्यांत होणारे शेतकाम निराळे. फोन आपल्याला पावसाची टक्केवारी सांगतो, आणि ती उपयोगी आहे. परंतु ७० टक्के पावसाला कोणी म्हातारा म्हणत नाही.

गुरुजी भूगोल शिकवीत. कणकुंबीची सहल त्यांनी किती तुकड्यांना घडविली असेल त्याची गणती नाही. जांबोटीवरून चोर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव आपल्यापासून ५० किलोमीटरच्या आत आहे. तेथे मलप्रभेचा उगम. ती पूर्वेस निघते, खानापूरवरून, ऐहोळे-पट्टदकलच्या मंदिरांना स्पर्शून कूडलसंगमाला कृष्णेस मिळते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात जाते. त्याच कणकुंबीच्या परिसरात कळसा नावाचा ओहोळ निघतो. तो पश्चिमेस उतरतो, म्हादईस मिळतो, आणि गोव्यात मांडवी होऊन पणजीपाशी अरबी समुद्रात जातो. गुरुजी मुलांना तेथे उभे करीत आणि विचारीत, 'आता सांगा, तुझ्या डाव्या खांद्यावर पडलेला थेंब कोठे जाईल, आणि उजव्या खांद्यावरचा?' उत्तरासाठी घाई नसे. मुले पायांखालचा उतार पाहत, पाणी कोठे वळते ते पाहत, आणि बऱ्याच वेळाने एखादा मुलगा समुद्राचे नाव घेई.

त्या कळसा ओहोळाचे पाणी कोणी किती घ्यावे याविषयी तीन राज्यांत वाद आहे. २०१० साली लवाद नेमला गेला, ऑगस्ट २०१८ मध्ये त्याचा निवाडा आला, आणि त्यानंतरही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. वादाच्या गुणदोषांत मी येथे शिरणार नाही. या सभागृहात तिन्ही राज्यांचे नातेवाईक बसले आहेत. परंतु या पाण्याविषयी फोनवर जे त्वेषाने लिहिले जाते, ते मी वाचतो, आणि माझ्या मनात एकच प्रश्न येतो: लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी तो ओहोळ मे महिन्यात पाहिला आहे, आणि पुन्हा जुलैमध्ये? ज्याने दोन्ही वेळा पाहिला असेल त्याचे मत कोणत्याही बाजूचे असो, ते मी आदराने ऐकेन. भीमगडच्या रानाचीही तीच गोष्ट. २०११ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालेले हे सुमारे १९० चौरस किलोमीटरचे जंगल. त्यातील बारापेडे गुहांत राहणाऱ्या एका वटवाघळाचे शास्त्रीय वर्णन १९१३ साली झाले, आणि पुढे कित्येक दशके जगात ही जात फक्त तेथेच आहे असे समजले जात होते. नंतर ती मेघालयात आणि कंबोडियातही आढळली. आपल्या तालुक्याच्या शेजारी असे काही आहे, हे आपल्या मुलांना सांगणारा कोणी हवा. फोन सांगणार नाही. कारण तो विचारल्यावाचून सांगत नाही, आणि ज्याचे नाव ठाऊक नाही त्याविषयी विचारणार कसे?

तर मग करावयाचे काय? फोन विहिरीत टाका, असे मी म्हणत नाही. क्रम बदलावा, इतकेच म्हणतो. आधी डोळा, मग वही, मग फोन. आज आपण झाडापाशी जातो तेच फोन पुढे करून. छायाचित्र निघते आणि पाहणे राहून जाते. आधी दहा मिनिटे नुसते पाहावे. मग जे दिसले ते मराठीत दोन-चार ओळींत लिहावे. लिहिताना कळते की पान समोरासमोर होते की एकाआड एक, हे आपण पाहिलेच नव्हते, आणि पुन्हा मान वर करावी लागते. त्यानंतर फोन खुशाल काढावा. पक्ष्याचा आवाज ओळखून देणारी, पानाच्या चित्रावरून नाव सुचविणारी साधने आज उपलब्ध आहेत आणि ती मी स्वतः वापरतो. 'सीझनवॉच' या उपक्रमात तर देशभरातील शाळकरी मुले एकेक झाड निवडून त्याच्या पालवी-फुला-फळांच्या नोंदी नियमाने पाठवितात, आणि ऋतूंचे वेळापत्रक हलते आहे काय, याचा अभ्यास त्यावरून होतो.

संस्थेपुढे माझी एक विनंती आहे. प्रत्येक तुकडीने आवारातील किंवा जवळचे एक झाड घ्यावे आणि त्याची एक वही ठेवावी. वही तुकडीची नसावी, झाडाची असावी. मुले पुढच्या इयत्तेत गेली की वही मागून येणाऱ्यांच्या हाती जावी. दहा वर्षांनी या शाळेच्या कपाटात अशी दहा-पंधरा झाडांची चरित्रे असतील, आणि तशी दुसरीकडे कोठेही नसतील. माजी विद्यार्थ्यांना शाळेसाठी काही करावेसे वाटते तेव्हा ते प्रोजेक्टर देतात, संगणक देतात. त्यांचे आभार मानलेच पाहिजेत. यंदा कोणी वीस जाड वह्या, दोन दुर्बिणी आणि आठवड्यातील एका तासाची सवलत मिळवून दिली, तर खर्च पुष्कळच कमी येईल. शेवटची गोष्ट पैशाने मिळत नाही. ती मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात द्यावयाची आहे, आणि ते समोरच बसले असल्याने मी हे मुद्दाम मोठ्याने बोलतो आहे.

पहिली वही मी आणली आहे. सावरीच्या माझ्या आजवरच्या नोंदी तीत उतरविल्या आहेत; पुढची पाने कोरी आहेत. व्याख्यानानंतर चहा आहे असे चिटणीसांनी सांगितले. ज्यांना वाटेल त्यांनी पेला घेऊन मागच्या आवारात यावे. झाड कळ्यांनी भरले आहे, दक्षिणेकडच्या एका फांदीवर काल दोन फुले उमललेली होती, आणि उजेड अजून अर्धा तास तरी राहील.